अध्यक्ष सही करत नाहीत

उदगीर, जि. लातूर
९ डिसेंबर १९८२

आदरणीय बालसाहित्यिका श्रीमती शिवगंगा हुडगे यांस,
सादर नमस्कार.

आमच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे यंदा तालुक्यातल्या मुलांसाठी 'लेखक आपल्या भेटीला' हा कार्यक्रम घेण्याचे ठरले आहे. कोणाला बोलवावे हे समितीने ठरवण्याऐवजी मुलांनाच विचारले. बहुतेक मुलांनी आपल्या 'हसू तोलणारा दुकानदार' या पुस्तकाचे नाव घेतले. ग्रंथालयातली त्याची एकुलती प्रत फिरून फिरून आता मधोमध दुभंगली आहे.

तरी आपण मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि सोमवारी वेळ द्यावा, ही विनंती. पहिल्या दिवशी वाचनालयात, दुसऱ्या दिवशी सकाळी कन्याशाळेत व दुपारी जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मुलांशी गप्पा, असा बेत आहे. प्रवासखर्च व मानधन नव्या जिल्ह्याकडून मंजूर होत आहे. आपल्या अटी, आवडीनिवडी, पथ्यपाणी कळवावे. पाण्याचे मात्र आधीच सांगून ठेवते. गावात चौथ्या दिवशी टँकर येतो.

(शिक्क्यावर अजून जि. उस्मानाबाद आहे. नवा शिक्का करायला टाकला आहे. गैरसमज नसावा.)

आपली विश्वासू,
दानम्मा गु. उजळंबे
ग्रंथपाल

ता. क. वैनी, वरचं सगळं वीरण्णा सेक्रेटरींनी सांगितलं तसं लिहिलं. ते शेजारी बसून बघत होते. आता ते चहाला गेलेत. थंडीत तुझा खोकला वाढतो, तो यंदा कसा आहे? मी इथं बरी आहे. उत्तर देच, नाहीतर मी पुन्हा 'आदरणीय' लिहीन.


उदगीर
२ जानेवारी १९८३

वैनी,
शरणु शरणार्थ.

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं, आणि तेही काय, तर अटींचं! मी लिफाफा उभ्या उभ्याच फोडला, आणि आत पाहिलं तर एक, दोन, तीन असे आकडे. मला हसूही आलं आणि रागही आला. पण खाली 'दानू, खोकला बरा आहे' एवढं होतं, त्यावर दोन दिवस काढले.

तुझी पहिली अट, चाळीसपेक्षा जास्त मुलं नकोत, मोठी माणसं मागं बसतील आणि गप्प बसतील. ही समितीत वाचून दाखवली तेव्हा वीरण्णांना ठसकाच लागला. "गप्प बसायचं? मग आम्ही येऊन करायचं काय?" त्यांचं प्रास्ताविक अर्ध्या तासाचं असतं, ते आता कुणाला ऐकवणार! दुसरी अट, शाल, नारळ, हार, स्वागतगीत काही नको. यावर शंकरप्पा हेडगुरुजी म्हणाले, "बाई, शाल दिली न्हाई तर कार्यक्रम झाला हे लोकांना कळायचं कसं?" शेवटी असं ठरलं की शाल आणायची पण द्यायची नाही. ती कपाटात राहील, तुझ्यासारखीच आमच्यापासून लांब.

आणि तिसरी अट. 'निमंत्रणावर वाचनालयाच्या अध्यक्षांची स्वतःची सही हवी.'

वैनी, तू हे मुद्दाम केलंस. वाचनालयाचे अध्यक्ष कोण हे तुला चांगलं ठाऊक आहे. तू या घरात सून होतीस तेव्हाही अप्पाच होते, आणि अप्पा जिवंत असेपर्यंत दुसरं कोणी होईल असं मला वाटत नाही. अट वाचताना मी खाली मान घातली. समितीत सगळ्यांना माहीत आहे. माहेरच्या नावानं लिहिणारी शिवगंगा हुडगे म्हणजे गुरुपादप्पा अडत्यांची, आपल्या अप्पांची सून, मल्लूदादाची बायको, दादा काविळीत गेल्यावर वर्षभर या घरात राहिली आणि मग पुण्याला नोकरीला निघून गेली, हे गावात कोणाला माहीत नाही? पण सगळे खिडकीबाहेर बघत बसले. अप्पा अध्यक्षांच्या खुर्चीत होते. ते एवढंच म्हणाले, "पुढं वाच."

तू जाताना अप्पा तुला म्हणाले होते, "पुण्याला गेलीस तर हे घर तुझं न्हाई." मी स्वयंपाकघरात होते, मी ऐकलं होतं. त्यांनी ते रागात म्हटलं. मुलगा गेला होता, सूनही निघाली होती. पण राग उतरला तरी बोललेलं शिल्लक राहतं, आणि अप्पांना मागं फिरून बोलता येत नाही. तू त्यांच्याकडून सही मागतेस म्हणजे काय मागतेस, हे मला कळतंय. मला ते चूकही वाटत नाही. फक्त हे काम माझ्या गळ्यात टाकलंस याचा राग आहे.

मी प्रयत्न करते. तुला इथं बघायचंय मला.

तुझी,
दानू


उदगीर
१६ फेब्रुवारी १९८३

वैनी,

आज पत्र लांब होणार. चहा घेऊन बस.

अप्पांचं आधी सांगते. अडत बाजारात यंदा माल येत नाही. रब्बी गेलीच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. आपल्या दुकानातला मोठा काटा दिवसभर रिकामा उभा असतो आणि अप्पा त्याच्याशेजारी गादीवर बसून रस्ता बघतात. हमाल वीरभद्र धरणाच्या मातीकामावर गेला. एकटे बसायची अप्पांना सवय नाही, म्हणून ते उगाच काट्याचं पितळ पुसत बसतात.

तर संक्रांतीनंतर एके दुपारी शाळा सुटल्यावर पाच-सहा पोरं दुकानात घुसली. त्यातली एक सिंधु, तिसरीतली, आईबाप मातीकामावर, आजी कस्तुराबाईपाशी राहते. तिनं अप्पांना विचारलं, "आजोबा, आमचं हसू तोलता का?"

अप्पांना वाटलं पोरं थट्टा करताहेत. "काय करून राहिलेत रे? चला निघा!" पण सिंधु हलेना. ती म्हणाली, "पुस्तकात तुम्हीच आहात की. असंच दुकान, अशीच गादी, असाच चष्मा नाकावर. पुस्तकातला दुकानदार हसणाऱ्या माणसाला काट्यावर उभं करतो, तर हसल्यावर वजन वाढतं. खरंच वाढतं का ते बघायचंय."

वैनी, तुझ्या दुकानदाराला तू अप्पांचा चष्मा घातलास, त्यांची गादी दिलीस, पोतं बघून वजन सांगायची त्यांची खोडसुद्धा घातलीस. मला पुस्तक वाचल्या दिवसापासून भीती होती की कोणीतरी जाऊन सांगेल. सांगितलं ते तिसरीतल्या पोरीनं!

त्या दिवशी रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "ते पुस्तक आण. वाचून दाखव." त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालं हे तुला ठाऊक आहे. मराठी त्यांना वाचता येतं, पण एकेक अक्षर बोटानं धरून. मी वाचलं. गोष्टीतला दुकानदार चिडका आहे, कंजूष आहे, हसणाऱ्यांवर ओरडतो. तिथं मी एक ओळ गाळायला बघितली, तर म्हणाले, "गाळू नको." शेवटी तो दुकानदार रात्री एकटाच स्वतः काट्यावर चढतो आणि हसायचा प्रयत्न करतो आणि काटा हलत नाही, तिथं मी थांबले. अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "पुढं?" मी म्हटलं, "पुढं मुलं येतात, अप्पा." "मग वाच की."

संपल्यावर त्यांनी हात धुतले आणि झोपायला गेले. मला रात्रभर वाटत होतं की आता सगळं संपलं, तुझी सही गेली, तुझं येणं गेलं.

पण दुसऱ्या दिवशी पोरं आली आणि अप्पांनी त्यांना काट्यावर चढू दिलं! शेजारचे दुकानदार जमा झाले. पोरं खो-खो हसतात, काटा जरा इकडं-तिकडं डुलतो, आणि अप्पा गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "हाव, वाढलं. पावशेर वाढलं." सहा वर्षांत त्यांना इतकं खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. रोज दुपारी रांग लागायला लागली. अप्पा प्रत्येकाला चढायच्या आधी नुसतं बघून वजन सांगतात, आणि ते चुकत नाही.

मग एक दिवस सिंधु काट्यावर चढली. अप्पा तिच्याकडं बघत राहिले. आधीच्या वेळचं तिचं वजन त्यांच्या डोक्यात होतं. ते खाली वाकले, काट्याचं वजन परत लावून बघितलं. पोरीचं वजन उतरलं होतं. मग त्यांनी दुसऱ्याला चढवलं, तिसऱ्याला चढवलं. सगळ्यांचंच उतरलं होतं. कोणाचं कमी, कोणाचं जास्त. पोरं हसतच होती, त्यांना काय!

अप्पांचा चेहरा मी विसरणार नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "माल वाळला की वजन घटतं. पण ही काय ज्वारी हाय का?"

दुकानात मागच्या सालचा हरभरा होता, भाव चढेल म्हणून ठेवलेला. अप्पांनी त्या पोत्याचं तोंड स्वतः सोडलं. आता वाचनालयाच्या मागच्या पडवीत रोज सकाळी घुगऱ्यांचं मोठं पातेलं चढतं. पाणी कमी पडतं म्हणून प्रत्येक पोर घरून एक फुलपात्र पाणी आणतं आणि पातेल्यात ओततं. हा दासोह आहे, सगळ्यांनी मिळून वाटून खायचं, कोणाची मेहेरबानी नाही, असं अप्पांनी फळ्यावर लिहायला लावलं. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ घालायला सांगितली, 'ज्याला खायचं त्यानं बसून एक पान वाचायचं.' तुझ्या पुस्तकाचे आता चार तुकडे झालेत, वैनी, आणि चारही तुकडे एकाच वेळी चार जण वाचतात. शेवट आधी वाचतात आणि सुरुवात नंतर.

एक भांडणही झालं, तेही सांगते. शंकरप्पा गुरुजींनी पाचवीच्या मुलांकडून तुझी अख्खी गोष्ट पाठ करून घ्यायला सुरुवात केली. पाहुण्या आल्या की मुलं एका सुरात म्हणून दाखवतील म्हणे. मी शाळेत जाऊन सांगितलं, "गुरुजी, त्या सांगायला येणार आहेत, तपासायला नाही." गुरुजी रुसले. म्हणाले, "पाठ असलं तर बिघडतं कुठं?" मला तर डोळ्यांसमोर दिसलं, तू 'एक होता' म्हणशील आणि चाळीस पोरं तुझ्याआधी शेवट करून मोकळी होतील.

मी निमंत्रणपत्र छापून आणलंय. उद्या-परवा अप्पांपुढं ठेवते. मला वाटतं ते सही करतील. मला खरंच वाटतंय. इतक्या दिवसांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. तू कपडे कोणते आणणार तेही ठरवून टाक, मार्चमध्ये इथं ऊन चढलेलं असतं.

तुझी,
दानू


उदगीर
२६ फेब्रुवारी १९८३

वैनी,

तार मिळाली असेल. कार्यक्रम रद्द.

अप्पांनी सही केली नाही. धीर करून काल मी कागद त्यांच्यापुढं ठेवला, वीरण्णांसमोर. अप्पांनी सगळा मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. 'आपणांस सविनय निमंत्रण' इथं त्यांनी मला थांबवलं, परत वाचायला लावलं. मग कागद बाजूला सारला. "मी यावर सही करणार न्हाई."

मी म्हटलं, "का?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

वीरण्णा लगेच उठले. आज सकाळी समिती बसली, अप्पा आले नाहीत, आणि लातूरच्या एका निवृत्त साहेबांना बोलवायचं ठरलं. ते 'शिस्तीचे महत्त्व' यावर बोलतील. शाल त्यांनाच द्यायची आहे. वीरण्णांचं प्रास्ताविकही परत आलं.

मी रडले, वैनी. मी अप्पांशी काल रात्रीपासून बोलले नाही. त्यांना वाढलं आणि आत जाऊन बसले. इतकी पोरं जवळ केली, त्यांच्यासाठी हरभरा सोडला, आणि घरातल्या माणसासाठी एक सही सुटत नाही? मला वाटलं होतं ते बदलले. मला वाटलं होतं तू येशील, आपण दोघी पडवीत बसू. तू सगळ्यांसाठी अटी घातल्यास आणि मी सगळ्यांना त्या समजावत बसले. आता मला कोण समजावणार?

तुझी तिसरी अट चूक होती असं मी आता म्हणणार नाही. पण तू ती घातली नसतीस तर तू आली असतीस. एवढंच म्हणते.

दानू


उदगीर
३ मार्च १९८३, दुपार

वैनी,

मागचं पत्र फाडून टाक. नको, ठेव. त्यात लिहिलं ते मला तेव्हा खरंच वाटत होतं.

ऐक. त्या तारेनंतर अप्पा दोन दिवस मला टाळत होते आणि मी त्यांना. फक्त रोज सकाळी ते न्हाणीघरात जायचे आणि बादलीतलं पाणी बघायचे. मला वाटलं, टँकरची चिंता असेल. परवा त्यांनी विचारलं, "दाने, पुण्याची यष्टी किती वाजता हाय?"

मी म्हटलं, "कोणाला जायचंय?"

"मला. दुसऱ्या कोणाला?"

मी हातातली परात खाली ठेवली. अप्पा म्हणाले, आणि त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, "तू त्या कागदावर काय लिवलं होतं? सविनय निमंत्रण. पाहुण्याला निमंत्रण देतात. कलेक्टरला देतात. घरच्या सुनेला छापील कागदावर सही करून बोलवू? उद्या ती म्हणल, सासऱ्यानं मला परकी करून सही मारली. गावात कोणाची लेकसून अशी कागदानं येते? तिला न्यायला माणूस जातो."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी सांगितलं का नाही? मी तार केली! मी रडले!"

ते जरा गोंधळले. "मला वाटलं तुला ठाऊक आसल. तू बी या घरचीच हाईस की. आपल्यात सुनेला आणायला कसं जातात हे तुला सांगावं लागतं?" आणि मग म्हणाले, "मल्लू असता तर तोच गेला असता. तो न्हाई म्हणून मला जायचंय. सहा साल मीच गेलो न्हाई."

वैनी, मी त्या माणसाला मिठी मारली. मोठी झाल्यापासून पहिल्यांदा. ते म्हणाले, "सोड सोड, लोक बघतेत." घरात आम्ही दोघंच होतो.

मग दोन दिवस का लागले, तर धोतर! सुनेच्या दारी मळक्या धोतरात जाणार नाहीत. बादलीतलं पाणी ते त्यासाठीच साठवत होते. काल मी ते धुतलं, आज वाळलं. गावात एवढं पांढरं दुसरं काही नाही यंदा. दुकानाला त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली कस्तुराबाईकडं दिली, घुगऱ्या थांबू नयेत म्हणून. सिंधुला सांगितलं, "मी येईपर्यंत कोणाचंबी वजन कमी व्हायला न्हाई पाहिजे." तिनं मान हलवली, अगदी हमालासारखी.

वीरण्णांना मी सकाळी जाऊन सांगितलं की लातूरच्या साहेबांचं शिस्तीचं महत्त्व पुढच्या महिन्यात घेऊ. अध्यक्ष स्वतः लेखिकेला आणायला निघालेत. वीरण्णा बसल्या जागेवरून उभे राहिले आणि म्हणाले, "मग प्रास्ताविक मी छोटं करतो." मला वाटतं त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी ते नाक शिंकरून झाकलं. गुरुजींनाही सांगितलं. ते म्हणाले, आता पाठ केलेलं पोरांच्या डोक्यातून काढायचं कसं? तू ये आणि तूच बघ. तुझ्याकडं एखादी न छापलेली गोष्ट असेलच.

अप्पांना यष्टीत रात्रभर झोप लागणार नाही. गुडघा दुखतो, तुझा जिना दोन मजल्यांचा आहे असं ऐकलंय, तर ते धापा टाकत असतील. मी त्यांना विचारलं, "अप्पा, ती नाही म्हणाली तर?" ते म्हणाले, "तिचा राग हाय, तिनं म्हणावं. मी बाहेर बसतो. न्यायला गेलेल्या माणसाला घाई नसते." पण त्यांनी सकाळपासून चारदा चष्मा पुसला. भीती त्यांनाही आहे. बोलता त्यांना येणारच नाही, ते तू मला सांगायला नको. वाचनालयाचं काम आहे असं काहीतरी म्हणतील, टँकरचं म्हणतील. सहा वर्षांपूर्वी जे म्हणाले ते चुकलं हे त्यांच्या तोंडून कदाचित निघायचं नाही. तुला ते हवं असेल तर ते मागायचा हक्क तुझा आहे. मी त्यात पडणार नाही.

पोस्टानं हे पत्र त्यांच्या मागून पोचेल, म्हणून ते मी अप्पांच्याच हातात देते आहे. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायला मागितलंय. दार उघडलंस की आधी हेच पुढं करतील, कारण दुसरं काय करावं त्यांना सुचणार नाही.

अगं बाई, म्हणजे तू हे सगळं वाचेपर्यंत ते दारातच उभे असणार! वैनी, पत्र राहू दे. आधी त्यांना आत घे.

दानू